तिसऱ्या कॉर्नेटची खुर्ची

उत्तर इंग्लंडमधील गावबँडात वाद्य वाजवणारा त्या वाद्याचा मालक नसतो. वाद्य बँडचे असते, त्याची नोंद बँडच्या वहीत असते, आणि वादक गाव सोडून गेला, थकला किंवा वारला की ते पुन्हा बँडच्या खोलीतल्या कपाटात येऊन पडते. ही बाब वरकरणी केवळ हिशेबाची वाटते. परंतु आठ-नऊ वर्षांच्या वयात बँडात शिरून सत्तरी उलटेपर्यंत तिथेच रमणाऱ्या, त्याबद्दल पैसा न घेणाऱ्या, उलट पदरची वर्गणी भरणाऱ्या वादकाच्या आयुष्याचा आकार समजून घ्यायचा तर सुरुवात या कपाटापासूनच करावी लागते.

‘ब्रास बँड’ ही तिथे नेमक्या अर्थाची संज्ञा आहे. पूर्ण संचात पंचवीस पितळी वाद्ये असतात आणि त्यांच्या जोडीला ढोल, झांजा अशी तालवाद्ये. क्लॅरिनेटसारखे लाकडी वाद्य त्यात नसते, ट्रंपेटही नसतो. ट्रंपेटची जागा कॉर्नेट घेते, आणि त्याची नळी आरंभापासून शेवटाकडे हळूहळू रुंदावत जात असल्याने त्याचा स्वर ट्रंपेटपेक्षा मवाळ, गोलसर निघतो. मराठी वाचकाला बँड म्हणताच वरात आठवते, आणि ते अगदीच गैर नाही, कारण ब्रिटिश लष्करी बँडशी दोघांचेही नाते आहे. परंतु वरातीचा बँड हा पोटाचा धंदा आहे, तिथे सुपारी घेऊन वाजवायचे असते, तर यॉर्कशायर, लँकेशायर आणि डरहॅमच्या गावांतला बँड दिवसभर गिरणीत किंवा खाणीत राबलेल्या माणसाने संध्याकाळी हातपाय धुऊन करायचे काम होते.

हे काम कष्टकऱ्याच्या आवाक्यात आले ते व्हॉल्व्हमुळे. साध्या शिंगातून किंवा बिगुलातून फुंकणाऱ्याला मोजकेच स्वर काढता येतात. नळीला जोडलेला व्हॉल्व्ह दाबला की हवेचा मार्ग लांबतो आणि अधले-मधले स्वर हाती लागतात. या युक्तीचे पेटंट १८१८ मध्ये जर्मन भूमीत घेतले गेले, पुढे १८४० च्या दशकात अडॉल्फ साक्स याने पॅरिसमध्ये एकाच घडणीची लहानमोठी वाद्ये, म्हणजे सॅक्सहॉर्न, तयार केली, आणि डिस्टिन या वादक कुटुंबाने ती ब्रिटनमध्ये लोकप्रिय केली. व्हायोलिनच्या पट्टीवर स्वराची जागा शोधण्यात वर्षे जातात; इथे उजव्या हाताची तीन बोटे पुरतात, मग ती बोटे यंत्रमागावर किंवा कुदळीच्या दांड्यावर कितीही राठ झालेली असोत. १८५३ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात बँडांची मोठी स्पर्धा भरली तेव्हा पहिला आला तो मॉसली गावचा ‘टेम्परन्स सॅक्सहॉर्न बँड’, आणि या नावातच त्या काळाचे दोन उत्साह, दारूबंदीचा आणि नव्या वाद्याचा, एकत्र नांदतात. दोनच वर्षांनी क्वीन्सबरी येथील गिरणीमालक जॉन फॉस्टर याने आपल्या ब्लॅक डाइक गिरणीचा बँड उभा केला. मालकाचा आश्रय सर्वांनाच लाभला नाही. पुष्कळ बँड वर्गणीवर, हप्त्याने घेतलेल्या वाद्यांवर आणि कामगारांच्या वेतनातून वळत्या होणाऱ्या किरकोळ रकमांवर उभे राहिले, आणि वाद्य बँडच्या मालकीचे ही रीत याच हप्त्यांच्या व्यवहाराने पक्की केली असावी.

नव्या मुलाला कपाटातून जे वाद्य काढून दिले जाते ते सहसा जुने, पोचे पडलेले कॉर्नेट असते आणि त्याला बसवले जाते ते तिसऱ्या कॉर्नेटच्या खुर्चीवर. दहा कॉर्नेटवादकांत चार जण मुख्य चाल वाजवतात, एक त्याहून लहान आणि उंच स्वराचे सोप्रानो वाजवतो, एकाला ‘रेपियानो’ म्हणतात, म्हणजे मुख्य चालीला गरजेप्रमाणे पाठबळ देणारा, आणि उरलेले चौघे दुसऱ्या व तिसऱ्या कॉर्नेटच्या खुर्च्यांवर जोडीजोडीने बसतात. तिसऱ्या कॉर्नेटच्या कागदावर चाल क्वचितच येते. तिथे असतात लांबवलेले मधले स्वर, मात्रेच्या मधोमध पडणारे आघात, आणि मोजत बसायची रिकामी आवर्तने. घरी सराव करणाऱ्या मुलाचा हा भाग ऐकून ती रचना कोणती हे घरच्यांना ओळखता येत नाही, आणि पुष्कळदा खुद्द मुलालाही ती पहिल्यांदा कळते ती बँडच्या खोलीत, बाकीचे चोवीस जण आजूबाजूला वाजू लागल्यावर.

याच काळात ‘आंबुशुर’ घडते. माउथपीसवर ओठ टेकवण्याची, त्यांभोवतीचे स्नायू आवळण्याची आणि त्यांतून हवा कंप पावत सोडण्याची जी सवय, तिला हा फ्रेंच शब्द आहे. पितळी वाद्यात कंप पावते ते पितळ नव्हे, ओठ. वाद्य त्या कंपाला मोठेपण देते एवढेच. त्यामुळे वाद्य बँडचे असले तरी स्वर उपजतो तो अवयव वादकाचा स्वतःचा असतो, आणि माणसाबरोबर तो वाढतो, थकतो, म्हातारा होतो.

गावबँडाने या अडचणीवर काढलेला तोडगा सिंफनी ऑर्केस्ट्राच्या शिस्तीला विचित्र वाटेल असा आहे, आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. युरोपीय स्वरलिपीत पाच रेषांच्या आरंभी एक चिन्ह काढलेले असते, त्याला क्लेफ म्हणतात. कोणत्या रेषेवर कोणता स्वर मानायचा हे त्यावरून ठरते, आणि ऑर्केस्ट्रात उंच स्वरांची वाद्ये ट्रेबल क्लेफ तर खर्जातली वाद्ये बास क्लेफ वाचतात. ब्रास बँडात मात्र बास ट्रॉम्बोन आणि तालवाद्ये वगळता सगळे जण, अगदी मांडीवर पिंपाएवढे वाद्य घेऊन बसलेला बासवादकसुद्धा, ट्रेबल क्लेफच वाचतात. कागदावरचा तोच स्वर दिसला की व्हॉल्व्हच्या प्रत्येक वाद्यावर बोटे तीच पडतात. प्रत्यक्ष निघणारा नाद तेवढा वाद्याच्या लांबीनुसार वर किंवा खाली जातो. हार्मोनियमवर पट्टी बदलली, षड्ज हलला, तरी गाणाऱ्याची सरगम तीच राहते; त्याच जातीची ही सोय आहे, फरक इतकाच की हार्मोनियमवाल्याला बोटे हलवावी लागतात आणि इथे तीही हलवावी लागत नाहीत.

या सोयीचा परिणाम असा, की माणूस बँड न सोडता वाद्य सोडू शकतो. कॉर्नेटवरून टेनर हॉर्न, तिथून बॅरिटोन किंवा युफोनियम, आणि अखेरीस बास, हा प्रवास कित्येकांनी एकाच खोलीत, दर काही वर्षांनी चार-पाच खुर्च्या सरकत केलेला असतो. हॉर्नवाला परगावी नोकरीला गेला, जागा रिकामी पडली, म्हणून तिसऱ्या कॉर्नेटवरच्या मुलाला पुढच्या मंगळवारी हॉर्न हातात मिळतो आणि महिन्याभरात तो त्यावर पुरेसा रुळतो. ही लवचीकता कलेच्या गरजेतून आली की माणसांच्या टंचाईतून, असा प्रश्न विचारता येईल. ती टंचाईतूनच आली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते, आणि त्यात तिची किंमत कमी होत नाही.

मधल्या वयातल्या वादकाच्या वाट्याला वादनापेक्षा बाकीची कामेच अधिक येतात. सरावाआधी खुर्च्या मांडणे, मध्यंतरातला चहा, गणवेशांची मोजदाद, लॉटरीची तिकिटे खपवणे, बसचे भाडे ठरवणे, लहान मुलांना शनिवारी सकाळी शिकवणे, आणि समितीच्या बैठकीत तीच तीच भांडणे ऐकून घेणे, यांना मानधन नसते आणि बहुधा आभारही नसतात. त्यातच गावाचे वर्ष बँडच्या पंचांगाने चालते. नोव्हेंबरात युद्धस्मारकापाशी एकटा कॉर्नेटवादक ‘लास्ट पोस्ट’ ही लष्करी सांगता वाजवतो, त्यानंतर दोन मिनिटे स्तब्धता असते, आणि थंडीने बधिरलेल्या ओठांनी त्याला पुन्हा पहिलाच स्वर चोख लावावा लागतो. डिसेंबरात गल्लीबोळांतून नाताळची गीते वाजवत वर्गणी गोळा होते. व्हॉल्व्ह गारठून अडकतात आणि हातमोज्यांची बोटे कापून घ्यावी लागतात.

ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी येणाऱ्या व्हिटसन सणाच्या आठवड्यातला शुक्रवार, ‘व्हिट फ्रायडे’, हा सॅडलवर्थ आणि टेमसाइडच्या डोंगराळ गावांत बँडचाच दिवस मानला जातो. सकाळी चर्चच्या मिरवणुका निघतात. संध्याकाळी डॉबक्रॉस, डेल्फ, अपरमिल अशा गावोगावी एकाच वेळी स्पर्धा सुरू होतात, आणि ही प्रथा १८८४ पासूनची आहे. बँड बसने एका गावी उतरतो, रस्त्याने एक संचलनगीत वाजवत जातो, ठरलेल्या जागी थांबून दुसरे वाजवतो, आणि लगोलग बसमध्ये चढून पुढच्या गावाकडे धावतो. परीक्षक पडदे ओढलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसलेला असतो. कोणता बँड वाजतो आहे हे त्याला दिसू नये अशी व्यवस्था असते. देशातला अव्वल बँड आणि पलीकडच्या खेड्यातला पोराटोरांचा बँड एकाच रस्त्यावर एकामागे एक रांगेत उभे राहतात, आणि पडद्याआडच्या कानाला दोघांचीही नावे ठाऊक नसतात.

स्पर्धेने बँडांना काय दिले हे नाकारता येत नाही. १९१३ मध्ये पर्सी फ्लेचर याची ‘लेबर अँड लव्ह’ ही खास ब्रास बँडसाठी लिहिलेली रचना राष्ट्रीय स्पर्धेत वाजवली गेली, १९२८ मध्ये होल्स्टने आणि १९३० मध्ये एल्गारने अशा स्पर्धेसाठी लेखणी उचलली, आणि ऑपेराच्या उसन्या चालींवर वाढलेल्या कामगार-वादकांना स्वतःचे म्हणावे असे संगीत मिळाले. परंतु स्पर्धेचा दिवस जवळ आला की दुबळ्या खुर्चीवर बाहेरचा तयार वादक आणून बसवण्याचा मोह समित्यांना होतो, आणि वर्षभर पावसात-थंडीत ती खुर्ची राखणाऱ्याला त्या दिवशी प्रेक्षकांत बसावे लागते. बक्षिसांच्या कपाटात हा माणूस दिसत नाही. नियम तोडलेला नसेलही, पण ज्या बँडात हे वारंवार घडते तो गावाचा बँड उरतो का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

महाराष्ट्रात या वादकाचा सोबती शोधायचा तर तो वरातीत नव्हे, भजनी मंडळात सापडेल. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सातही दिवस जमिनीला टेकत नाही. पहारा बदलला की ती एका गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि आधीचा विणेकरी घरी जाऊन गुरांना वैरण घालतो. वीणा कोणाची, असा प्रश्न तिथेही कोणी विचारत नाही.

गावबँडाच्या व्यवस्थेची खरी कसोटी खाणी बंद होऊ लागल्यावर लागली. यॉर्कशायरमधील ग्राइमथॉर्प कोलियरी बँड १९१७ पासूनचा. १९९२ च्या ऑक्टोबरात सरकारने बंद करायच्या खाणींची यादी जाहीर केली, तीत ग्राइमथॉर्पचे नाव होते, आणि त्याच आठवड्यात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हा बँड राष्ट्रीय विजेता ठरला. पुढच्या वर्षी खाण मिटली, बँड राहिला. १९९६ च्या ‘ब्रास्ड ऑफ’ या चित्रपटाने ही कथा कल्पित गावाच्या आडून जगाला दाखवली. डरहॅममध्येही शेवटची खोल खाण १९९३ मध्ये बंद झाली, तरी १८७१ पासून भरणारा खाणकामगारांचा मेळावा जुलैच्या दुसऱ्या शनिवारी आजही भरतो: बंद खाणींचे रेशमी ध्वज पुढे, त्यांच्यामागे बँड, आणि त्या वर्षात आपल्यांपैकी कोणी गेला असेल तर ध्वजाला काळे कापड. तिथे ‘ग्रेसफर्ड’ ही शब्दांविना असलेली प्रार्थनाधून वाजते. २२ सप्टेंबर १९३४ रोजी वेल्समधील ग्रेसफर्ड खाणीत २६६ माणसे मेली, त्यांच्यासाठी रॉबर्ट सेंट या खाणकामगारानेच ती बांधली. धून संथ आहे. तिच्यात कोणालाही चमकायला जागा नाही. मधले स्वर भरून निघाले नाहीत तर ती उभीच राहत नाही, आणि म्हणून ती ऐकताना तिसऱ्या कॉर्नेटकडे कान देणे योग्य ठरते.

साठी-सत्तरीत ओठांची पकड सैल होते. पुढचे दात गेले आणि कवळी आली की कॉर्नेटचे लहान माउथपीस टिकवणे अवघड होते. बासचे माउथपीस मोठे असते, त्यावर काही वर्षे निभतात, मग फुप्फुसे पुरत नाहीत. त्यानंतर कोणी त्रिकोण आणि झांज हाती घेतो, कोणी ग्रंथपालाचे काम. बँडच्या ग्रंथपालाकडे पुस्तके नसतात, प्रत्येक रचनेचे वाद्यागणिक वेगळे कागद असतात. चालता चालता वाजवायच्या गीतांचे तर तळहाताएवढे, वाद्यावर चिमट्यात अडकवायचे. नव्या मुलांच्या सरावाआधी तो गठ्ठा सोडतो, फाटलेल्या कडांना पारदर्शक पट्टी लावतो आणि तिसऱ्या कॉर्नेटचा कागद वेगळा काढतो. त्यावर पेन्सिलीच्या खुणा असतात: कुठे श्वास घ्यायचा तिथे स्वल्पविराम, कुठे बँडच्या संचालकाकडे बघायचे तिथे चष्म्याचे चित्र, कुठे सहा आवर्तने मोजायची तिथे सहा बारीक रेघा. पुसट झालेल्या खुणांपैकी एक-दोन त्याच्या स्वतःच्या असतात. बाकीच्या कोणाच्या ते त्याला बहुतेक माहीत असते. रबर हाताशी असूनही तो त्या पुसत नाही, कागद स्टँडवर ठेवतो आणि स्टँडची उंची मुलाच्या मानाने खाली करतो.