करंजाची सावली आणि चोपन्न टन

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधलं आमचं जुनं घर २०२२ साली पाडलं. मोडीत निघालेल्या सामानाची यादी मीच केली होती. सागवानी दारं, मंगलोरी कौलं, चार छतपंखे आणि खिडक्यांवरच्या त्या टोकदार लाकडी झापा, ज्यांना इथे सगळे ‘मंकी टॉप’ म्हणतात. एसी एकही नव्हता. पहिला पंखासुद्धा १९८४ साली आला, तोही आजी आजारी पडली म्हणून. बाबा बेळगावहून बदली होऊन इथे आले तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं, पंख्यावर पैसे घालवू नका, स्वेटर घ्या.

त्या जागी आता तळमजला आणि वर तीन मजले अशी व्यापारी इमारत आहे. एकेक मजला साडेतीन हजार चौरस फुटांचा. तळाला रक्त तपासणीची लॅब, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर सॉफ्टवेअरवाल्यांचं ऑफिस, तिसऱ्यावर पीयूसीचे, म्हणजे अकरावी-बारावीचे क्लास. तिन्ही भाडेकरू बांधकाम चालू असतानाच ठरले होते आणि तिघांची अट एकच: एसी तुम्ही बसवून द्या. दादा पुण्याला, आई ब्याऐंशीची. म्हणजे ते काम माझंच होतं. मी तीस वर्षं बँकेत आकडे पाहिले, कॉम्प्रेसर कधी उघडून पाहिला नव्हता.

पहिला ठेकेदार आला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्यानं जिन्यात उभ्या उभ्या हिशेब केला: दीडशे फुटाला एक टन, चौदा हजार फूट, म्हणजे त्र्याण्णव. “शंभर धरू मॅडम, कमी पडायला नको.” गच्चीवर कूलिंग टॉवर, तळघरात चिलर, सगळीकडे पत्र्याचे डक्ट. दुसऱ्यानं मजल्यागणिक स्प्लिट लावून टाका म्हणून सांगितलं, जवळजवळ पन्नास. तिसरा व्हीआरएफवाला. एका मोठ्या बाहेरच्या यंत्राला तांब्याच्या नळ्यांनी पंधरा-वीस आतली यंत्रं जोडायची आणि ज्या खोलीला जेवढी गरज तेवढाच गॅस तिकडे पाठवायचा, अशी ती पद्धत. डायकिन या जपानी कंपनीनं ती १९८२ साली आणली. तिघांचे कागद जेवणाच्या टेबलावर मांडून मी दोन रात्री बसले. आकडे जुळेनात, कारण तिघं तीन वेगळ्या गोष्टी विकत होते आणि इमारतीला काय हवंय हे कुणीच मोजलं नव्हतं.

तेव्हा मी सल्लागार शोधला. सल्लागार म्हणजे एक निवृत्तीला आलेल्या मेकॅनिकल इंजिनियर बाई, घर सँकी तलावाजवळ. कर्नल सँकीनं १८८२ साली बांधलेला तो तलाव त्या रोज पहाटे चालून येतात. त्यांनी आल्या आल्या टनाचं नाव काढलं नाही. कोण किती वाजता येतं, किती जण बसतात, कुठली यंत्रं रात्रभर चालतात, हेच तासभर विचारलं. मीच मग विचारलं की टन म्हणजे नेमकं काय. त्या म्हणाल्या, बर्फ. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल तेवढी. साडेतीन किलोवॅट. माणूस नुसता बसला तरी त्याच्या अंगातून सव्वाशे वॉटच्या आसपास उष्णता निघते. क्लासची साठ मुलं म्हणजे दोन टन. मला ते फार आवडलं. साठ पोरं आणि रोज दोन टन बर्फ, हे डोळ्यांना दिसतं.

मग त्या मला दुपारी चार वाजता दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर घेऊन गेल्या. भिंती अजून उठल्या नव्हत्या. आर्किटेक्टनं पश्चिमेची बाजू पूर्ण काचेची काढली होती, तिन्ही वरचे मजले मिळून नव्वद चौरस मीटर. बाईंनी मला तिथे उभं केलं. गालावर ऊन भाजत होतं. “इथे साध्या काचेच्या एका चौरस मीटरमधून एप्रिलमध्ये या वेळेला अर्धा किलोवॅट आत येईल,” त्या म्हणाल्या. मी मोबाइलवर गुणाकार केला. पंचेचाळीस किलोवॅट. बारा-तेरा टन फक्त त्या काचेसाठी. मग त्यांनी मला चार पावलं डावीकडे सरकवलं. तिथे ऊन नव्हतं. आमच्या परसातल्या करंजाची सावली होती. कानडीत त्याला होंगे म्हणतात. बाबांनी लावलेलं झाड, आता तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलंय.

हेच झाड पहिल्या ठेकेदाराला अडचण वाटत होतं. मशिनरी उतरवायला क्रेन लागेल, फांद्या काढून टाका, नाहीतर झाडच काढा, असं तो सहज बोलून गेला होता.

मल्लेश्वरम १८९८ च्या प्लेगनंतर वसलं. गावातली दाटी सोडून लोकांना मोकळ्या हवेत राहता यावं म्हणून. संपिगे रोड म्हणजे सोनचाफ्याचा रस्ता, मार्गोसा रोड म्हणजे कडुनिंबाचा. मूळ देऊळ काडू मल्लेश्वराचं, आणि काडू म्हणजे रान. व्यंकोजीराजे भोसल्यांनी सतराव्या शतकात ते बांधलं असं सांगतात. बेळगावहून परक्या गावात आलेल्या आईला तेवढ्या एका नावानं धीर आला होता. रस्त्यांना झाडांची नावं देणाऱ्या वस्तीत थंड हवेसाठी झाड तोडायचं हे माझ्या गळी उतरेना.

काच कमी करायला दादाचा विरोध होता. “अगं, भाडं दर्शनी भागावर ठरतं. गोदाम दिसेल ते.” फोनवर तीनदा वाजलं आमचं. शेवटी मी त्याला भाषण दिलं नाही, तक्ता पाठवला. तेरा टनांची यंत्रं, त्यांची वीज, त्यांच्यासाठी वाढवावा लागणारा बेसकॉम या वीज कंपनीचा मंजूर भार आणि जनरेटर. आईनं मधेच फोन घेतला आणि म्हणाली, “ते झाड बाबांनी पाणी घालून वाढवलंय. त्याला हात लावायचा नाही.” पश्चिमेला काच तिसरा हिस्सा राहिली, तीही दुहेरी, पुढे आडव्या पट्ट्यांचे पडदे. गच्चीवर इन्सुलेशन आणि वर पांढऱ्या टाइल्स. झाड राहिलं. बाईंनी पुन्हा हिशेब केला तो चोपन्न टनांचा निघाला. शंभराचे चोपन्न, एकही यंत्र न निवडता.

चिलरचं काय, हा प्रश्न मार्चनं सोडवला. २०२४ चा मार्च बेंगळुरूत राहणारा कुणी विसरणार नाही. आमची बोअर आटली. टँकरसाठी रात्री बारा वाजता फोन लावायचा आणि सकाळी सहाला गेटपाशी उभं राहायचं. पिण्याचं पाणी गाड्या धुवायला, बागेला वापरलं तर पाच हजार दंड, असा पाणी मंडळाचा हुकूम निघाला होता. त्याच आठवड्यात मी बाईंना विचारलं, कूलिंग टॉवरला पाणी किती लागतं? पाण्यानं थंड होणारा चिलर विजेला हलका असतो, पण तो उष्णता पाण्याची वाफ करून सोडतो. एका टनाला तासाला सहा-सात लिटर वाफ होऊन जातं, क्षार साचू नयेत म्हणून थोडं ओतून द्यावं लागतं, म्हणजे आठेक लिटर. चोपन्नाचे साठ टन धरले तर दहा तास, पूर्ण भार: चार हजार आठशे लिटर. रोज जवळजवळ एक टँकर हवेत. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून उपसून या गावात येतं. मोठ्या संकुलात सांडपाणी शुद्ध करून टॉवरला देतात, तिथे चिलर शोभतो. आमच्याकडे तेवढं सांडपाणीच नाही.

बाईंनी एक गोष्ट हळहळून सांगितली. इन्फोसिसनं हैदराबादजवळ पोचारमला एका इमारतीचे दोन सारखे भाग केले. एकात नेहमीसारखी थंड हवा खेळवली, दुसऱ्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून थंड पाणी. दोन वर्षांच्या नोंदीत स्लॅब थंड करणाऱ्या भागाला ३४ टक्के कमी वीज लागली. “तुमच्या आकाराला परवडत नाही,” त्या म्हणाल्या, “पण मला एकदा करायचं होतं.”

स्प्लिटचा विचार मात्र मी स्वतः जाऊन सोडला. ओळखीच्या एका इमारतीत बाहेरची यंत्रं मधल्या शाफ्टमध्ये एकावर एक लावली होती. एप्रिलच्या दुपारी मी तिथे थर्मामीटर घेऊन गेले. खालच्या यंत्रानं सोडलेली गरम हवा वरचं यंत्र ओढत होतं, त्याची त्याच्या वरचं. चौथ्या मजल्यापाशी काटा ५१ वर. वरची यंत्रं हाय प्रेशरनं ट्रिप होत होती आणि ऑफिसातली माणसं एसीला शिव्या देत होती. २८ एप्रिलला गावात पारा ३८.५ ला गेला तेव्हा तिथले वरचे दोन मजले घरी पाठवावे लागले.

असं करत ठरलं. ऑफिसच्या दोन मजल्यांना व्हीआरएफ, बाहेरची यंत्रं गच्चीवर, शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीपासून लांब, वर मोकळं आकाश. लॅबला स्वतंत्र यंत्रं आणि एक जास्तीचं, कारण तिथे रात्री बंद पडून चालत नाही. क्लासला स्प्लिट आणि पंखे. मोठे, छताचे पंखे. त्याबद्दल क्लासच्या सरांचं मन वळवायला आठवडा गेला. पंखा दिसला की पालकांना क्लास साधा वाटतो, असं ते म्हणाले. पण पंखा फिरत असला की २६ अंशांनाही अंगाला बरं वाटतं, हे त्यांना बसवूनच दाखवलं. गॅसबद्दल रुखरुख आहे. लॅबच्या आणि क्लासच्या यंत्रांत आर-३२ मिळाला, व्हीआरएफमध्ये आमच्या पैशांत आर-४१०ए बसला. तो हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पट घातक. भारतानं २०२१ मध्ये किगाली करार मान्य केलाय, २०२८ नंतर असे गॅस वाढवता येणार नाहीत. आमचं यंत्र त्यापुढेही दहा वर्षं चालायचंय. तो गॅस नळीतून गळू द्यायचा नाही, एवढंच हातात होतं, आणि त्यासाठी मी हट्टाला पेटले.

नळ्या जोडायला आलेला मुख्य फिटर निपाणीचा होता. त्याची मराठी ऐकून मला माहेर भेटल्यासारखं झालं. फॉल्स सीलिंग लावायच्या आधी त्यानं नळ्यांत नायट्रोजन भरला, गेजचा काटा ५५० पीएसआयवर, आणि काचेवर स्केचपेननं रेघ ओढली. चोवीस तास कुणी हात लावायचा नाही. ठेकेदाराला घाई होती, सीलिंगवाले खाली बसून होते. दुसऱ्या दिवशी मी साडेनऊला पोचले तर तो गेजपाशी उकिडवा बसलेला. “ताई, पडलाय.” काटा रेघेच्या खाली, केसभर. रात्रीच्या गारव्यानं थोडा उतरतोच, असं ठेकेदार म्हणाला. फिटरनं मान हलवली: “गारव्यानं एवढा नाही पडत.” मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन तो शिडी सरकवत एकेक जोड तपासत गेला. सदतिसाव्या जोडाला, दुसऱ्या मजल्याच्या पॅन्ट्रीवर, मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. त्यानं मला शिडीवर चढवून दाखवला. सीलिंग लागलं असतं तर तो बुडबुडा कुणाला दिसला नसता आणि पुढच्या उन्हाळ्यात “गॅस कमी झालाय” म्हणून कुणीतरी पुन्हा भरून पैसे घेऊन गेलं असतं. त्या दिवशी सीलिंगवाल्यांचा रोज मी माझ्या खिशातून दिला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सगळं चालू झालं. आणि एक चूक निघाली, ती माझीच. खर्च कमी करताना क्लासच्या मजल्यावरची ताजी हवा आणणारी यंत्रं मी यादीतून काढली होती. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो, हे मला तोवर नीट कळलं नव्हतं. मार्चमध्ये सर म्हणाले, शेवटच्या तासाला मुलं पेंगतात. बाईंनी कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र दिलं. मी शेवटच्या बाकावर ते घेऊन बसले. बाहेर दहा लाख भागांत ४२० च्या आसपास असतं. वर्ग सुरू होताना ७१०. अर्ध्या तासात १,५००. सर फळ्यावर अवकलनाचं गणित सोडवत होते तेव्हा २,३८०, आणि माझ्याच शेजारच्या मुलीची मान छातीवर टेकली होती. थंड, शांत, चोवीस अंशांची खोली. मला फार वाईट वाटलं. महिन्याभरात यंत्रं बसवली. जाणाऱ्या गार हवेकडून गारवा काढून येणाऱ्या गरम हवेला देणारी. आधी बसवली असती तर निम्म्या खर्चात झालं असतं.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी आईला इमारत दाखवायला घेऊन गेले. लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर. सहा वाजून गेले होते, पश्चिमेचं ऊन करंजामागे उतरलं होतं, बाहेर वारा सुटला होता. सरांनी एसी बंद करून खिडक्या उघडल्या होत्या, पंखे चालू. भिंतीवरच्या यंत्रावर ६४० दिसत होतं. आई शेवटच्या बाकावर टेकली, पदर नीट केला आणि खिडकीतून हात बाहेर काढून करंजाची फांदी लागते का ते बघू लागली. फांदी वीतभर लांब होती.

“पुढच्या वर्षी लागेल,” ती म्हणाली.