धुराड्याची टोपी

गेल्या एप्रिलमध्ये एका वस्तूसाठी मी मोहोळहून सोलापूरला तीन खेपा घातल्या. एखाद्या दुर्मीळ पुस्तकासाठीही मी कधी इतकी पायपीट केलेली नाही. वस्तू तशी क्षुल्लक. स्वयंपाकघरातील धूर आणि वाफ बाहेर नेणारी जी नळी असते, तिच्या तोंडावर भिंतीच्या बाहेरच्या अंगाने बसवायचे झाकण. दुकानदार त्याला 'काऊल' म्हणतात, मिस्त्री 'जाळी' म्हणतो आणि आमची आई 'टोपी' म्हणते. मी आईचा शब्द घेतला आहे, कारण या टोपीचे आमच्या घरातले प्रकरण जुने आहे.

माझे बालपण माळवदाच्या घरात गेले. सीनेच्या काठच्या गावांत तेव्हा तीच घरे असत: लाकडी तुळया, त्यांवर किलचन, त्यावर पांढरीच्या मातीचा जाड थर. चुलीच्या डोक्यावर या माळवदात एक चौकोनी भोक ठेवलेले असे. आमच्याकडे त्याला 'सानं' म्हणतात. उजेड आत यायचा आणि धूर बाहेर जायचा, दोन्ही त्याच वाटेने. सकाळी भाकरीच्या वेळी सान्यातून उतरणाऱ्या उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात धूर वर चढताना मी कितीदा पाहिला आहे. ते दृश्य मला फार सुंदर वाटे. अर्थात मी ते दाराशी बसून पाहत असे. आई चुलीपुढे बसलेली असे. सौंदर्यानुभवाला अंतर लागते असे आपण वर्गात शिकवतो, त्यातले हे एक अंतर.

सान्याची अडचण पावसात कळे. धूर जाईल एवढे भोक ठेवले की पाऊस येतोच. मग कोणीतरी माळवदावर चढायचे आणि त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा किंवा घमेले पालथे घालायचे. पाऊस थांबला, पण धूरही थांबला. झडीच्या दिवसांत ओली पऱ्हाटी, अर्धवट वाळलेल्या गोवऱ्या आणि वर झाकलेले सानं. धुराला वाट द्यायची आणि पावसाला द्यायची नाही, एवढाच तो प्रश्न. टोपी नावाच्या वस्तूचे सगळे शास्त्र या एका वाक्यात मावते, हे मला त्या तिसऱ्या खेपेला कळले.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यात माणसे मेली ती बहुतांशी घरांच्या दगडमातीच्या ओझ्याखाली. आमच्या गावात तशी पडझड झाली नाही, पण त्यानंतर माळवदाखाली निर्धास्त झोपण्याची कोणाची हिंमत उरली नाही. वडिलांनी पुढच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरावरचे माळवद उतरवले आणि पत्रे घातले. ओझे गेले, त्याबरोबर सानंही गेले. नव्या छपरात धुराची सोय ठेवावी हे ना वडिलांना सुचले, ना गवंड्याला. चौदा-पंधरा वर्षांच्या मला तर सुचण्याचा प्रश्नच नव्हता. आईला कोणी विचारले नाही.

पुढे १९९६च्या सुमारास गावात बिनधुराच्या चुली आल्या. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम १९८०च्या दशकापासून देशभर चालू होता. मातीची बंदिस्त चूल, तिच्या पाठीमागून निघून छपराबाहेर जाणारा सिमेंटचा पाइप आणि पाइपाच्या टोकावर टोपी, असा तो सरंजाम. ही कल्पनाही काही सरकारी कचेरीत जन्मलेली नव्हती. वर्ध्याच्या मगनवाडीतील 'मगन चूल' आणि हैदराबादच्या एस. पी. राजू यांची बिनधुराची चूल हे तिचे पूर्वज. आमच्या चुलीला धुराडे होते आणि ते ओढत होते. दोन वर्षे आईच्या डोळ्यांची लाली गेली होती, असे ती आजही सांगते.

१९९८च्या वळवात ती टोपी उडाली. शेजारच्या शेतात तिचे तुकडे सापडले. मृग लागला, आणि पाइपातून पावसाचे पाणी सरळ चुलीत उतरू लागले. माती विरघळली, चुलीचे तोंड खचले. आईने आधी पाइपावर पोत्याचा तुकडा बांधून घेतला, तो जळाला. मी तेव्हा सोलापूरला बी.ए.ला होतो. शनिवारी गावी आलो की आई म्हणे, "ती टोपी तेवढी बसव रं." मी हो म्हणत असे. शिडी शेजाऱ्यांकडून आणावी लागे, टोपी मोहोळच्या बाजारातून. सोमवारी सकाळी मी परीक्षेच्या तयारीसाठी निघून जात असे. असे किती शनिवार गेले ते मी मोजलेले नाहीत. पावसाळा संपता संपता आईने सरकारी चूल फोडून टाकली आणि तिथेच पहिल्यासारखी उघडी चूल, तिच्या बाजूला वैल, घातली. वर पत्रे, सानं नाही, धुराडे नाही.

त्या दोन-तीन वर्षांत आम्ही एम.ए.च्या वर्गात ग्रामीण साहित्यातील स्त्रीचे चित्रण या विषयावर किती बोललो असू! मी त्यावर एक टिपणही वाचले होते. असो.

मध्यंतरी एका चर्चासत्राच्या निमित्ताने अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' पुन्हा चाळत होतो. अनुमानाचे ते प्रसिद्ध उदाहरण आपल्याला ठाऊक असते: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. पण त्याला जो दृष्टांत दिलेला असतो, तिकडे आपले लक्ष जात नाही. तो दृष्टांत आहे महानसाचा, म्हणजे स्वयंपाकघराचा. धूर आणि अग्नी यांचे साहचर्य शास्त्रकाराने कुठे पाहिले? चुलीपाशी. पिढ्यान् पिढ्यांचे तर्कशास्त्र त्या धुरावर उभे राहिले. धुरावरून अग्नीचे अनुमान केले गेले. त्या अग्नीपुढे कोणीतरी बसलेले असणार, हे अनुमान मात्र कोणी मांडले नाही. उलट बाजूचे उदाहरणही शास्त्रात आहे: तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. तिथे अग्नी आहे पण धूर नाही. आमचा गॅसचा बर्नर हा त्या गोळ्याचाच वंशज, असे मला वाटत होते. १ मे २०१६ रोजी बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली तेव्हाही सर्वत्र सूर तोच होता, की गॅस आला म्हणजे धूर संपला.

तो संपत नाही. २०११ साली मी मोहोळला घर बांधले. पुस्तकांच्या कप्प्यांची खोली अकरा इंच असावी की बारा, यावर मी मिस्त्रीशी दोन दिवस वाद घातला होता. स्वयंपाकघर त्याच्यावर सोपवले. त्याने पंख्यासाठी एक चौकोनी भोक ठेवले. पंखा वर्षभरात तेलकटाने जाम झाला आणि त्यात चिमण्यांनी घरटे केले. चिमण्या असोत बिचाऱ्या, म्हणून आम्ही तो पुन्हा कधी चालवला नाही. २०१२मध्ये वडील गेल्यावर आई आमच्याकडे आली. दोन-तीन वर्षांत तिचा दम वाढला. सोलापूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून आधी विचारले, घरात सिगारेट कोण ओढते? कोणी नाही म्हटल्यावर त्यांचा दुसरा प्रश्न तयारच होता: चुलीवर किती वर्षे स्वयंपाक केला? आई म्हणाली, "लगीन झाल्यापासनं." त्यांनी आजाराचे नाव लिहिले सीओपीडी. घरातील चुलींच्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मला तो आकडा वाचताना शनिवार आठवतात.

गॅसला धूर नसतो, पण फोडणीला असतो. शेंगदाणे भाजताना असतो, सुक्या मिरच्या तव्यावर टाकल्या की विचारूच नका. आणि सोलापूर जिल्ह्यात या दोन गोष्टी टाळून संसार होत नाही. भाकरीचे पीठ तव्यावर करपते त्याचा असतो. (मालदांडी ज्वारीचा तो नावाजलेला वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडला गेला, हे इथली मंडळी पाहुण्यांना आवर्जून सांगतात. मीही सांगितले.) फोडणी पडण्याआधी माझी पत्नी आवाज देई, "आई, बाहेर बसा जरा." आणि आई पदर नाकाला लावून पुढच्या ओट्यावर जाऊन बसे. जन्मभर जिथून तिला उठता आले नाही, तिथून आता तिला रोज दोनदा उठावे लागत होते. शेवटी चिमणी घ्यायचे ठरले.

विक्रेत्याने नळी नसलेली चिमणी सुचवली. भिंत फोडायला नको, आतल्या कोळशाच्या गाळणीतून हवा शुद्ध होऊन पुन्हा खोलीतच येते म्हणे. वास थोडा कमी होत असेल. उष्णता आणि वाफ जागच्या जागी. ज्या घरात फुप्फुसांचा रोगी आहे तिथे हवा बाहेरच गेली पाहिजे, म्हणून मी नळीची घेतली. मग प्रश्न आला, नळी कुठे काढायची?

सर्वांत जवळची भिंत उत्तरेची. नळी जितकी आखूड आणि सरळ तितके ओढणे चांगले. प्रत्येक वळण हवेला अडवते. बसवायला आलेल्या मुलाने खडूने गोल आखलाही. आई मागून पाहत होती. म्हणाली, "तिकडं काकूंची खिडकी हाय." खरेच, मध्ये तीन फुटांचा बोळ आणि पलीकडे शेजारच्या काकूंच्या देवघराची खिडकी. आमची मिरची त्यांच्या देवांना ठसका देणार होती. तो मुलगा म्हणाला, "सर, सगळेच काढतात असं." सगळेच काढतात हे खरे आहे. घरातला धूर दाराबाहेर गेला की तो आपला राहत नाही, अशी आपली समजूत असते. मी क्षणभर त्या मुलाच्या बाजूने होतो हे कबूल करतो. आई काही बोलली नाही; खडूचा गोल तिने पदराने पुसून टाकला.

राहिली पश्चिमेची भिंत. बाहेर मोकळा प्लॉट, कोणाची खिडकी नाही. नळीला एक वळण वाढले, ते सोसले. पण पावसाळ्यात वारा आणि पाऊस नेमके त्याच अंगाने येतात. म्हणून टोपीचा प्रश्न आला, आणि माझ्या तीन खेपा झाल्या.

पहिल्या खेपेला मी आडव्या पट्ट्यांची पांढरी प्लॅस्टिकची टोपी आणली. मिस्त्रीने ती हातात घेऊन वाकवून दाखवली: पश्चिमेच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत हिचे पापड होतील. शिवाय ती चार इंची होती आणि नळी सहा इंची. नळी टोकाला अरुंद करणे म्हणजे पळणाऱ्याचे नाक दाबणे. दुसऱ्या खेपेला स्टेनलेस स्टीलची, सहा इंची, बारीक जाळीची. दिसायला देखणी. पण बारीक जाळी ही स्वच्छ हवा आत घेणाऱ्या भोकाला ठीक. तेलकट धुराच्या वाटेवर ती काही महिन्यांत चिकटून बंद होते. ती बंद झाली की चिमणी नुसती गुरगुरते. तिसऱ्या खेपेला मला हवी ती मिळाली: वरून पुढे आलेले, खाली तोंड केलेले पोलादी छज्ज्यासारखे कवच आणि आत हलकी ॲल्युमिनियमची झडप. चिमणी चालू झाली की हवेच्या दाबाने झडप उघडते, बंद झाली की स्वतःच्या वजनाने मिटते. पाऊस छज्ज्यावरून ओघळतो, वारा झडपेला आत ढकलतो म्हणजे ती अधिकच घट्ट मिटते. चिमणीला घरटे करता येत नाही. (ही चिवचिवणारी चिमणी. एकाच शब्दाने दोघींना बोलावण्याची मराठीची ही तऱ्हा मला त्या दिवसांत फार छळत होती.)

भोक पाडायला छिन्नी-हातोडा वापरू दिला नाही. गोल कापणारे यंत्र आणवले. आतून कापत नेले तर शेवटी बाहेरचा गिलावा ढलपीने उडतो, म्हणून मध्यभागी बारीक छिद्र आरपार काढून उरलेला भाग बाहेरून कापला. नऊ इंची भिंतीतून गेलेल्या नळीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे चुकून पाणी शिरलेच तर ते घरात येणार नाही. टोपीच्या कडेने वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन भरले. खालची कड मोकळी ठेवली, आत गेलेल्या थेंबाला बाहेर पडायला. आणि एक गोष्ट, जी चिमणीसोबतच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत असते: जितकी हवा बाहेर जाते तितकी कुठूनतरी आत यावी लागते. पूर्वेचे दार फटीइतके उघडे ठेवले तेव्हा कुठे ओढ आली.

मुलाने चिमणीखाली वर्तमानपत्राचा कागद धरून दाखवला. तो वर चिकटला. आईचे तेवढ्याने समाधान झाले नाही. तिने तवा ठेवला, आणि आम्ही नको नको म्हणत असताना चार सुक्या मिरच्या टाकल्या. मी धावत बाहेर गेलो, प्लॉटमध्ये उभा राहिलो. झडप उघडी होती. क्षणात असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आत आलो तो आई तव्यापाशी उभी. खोकली, पण नेहमीइतकी नाही.

तिचा आजार या टोपीने बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. जे गेले ते गेले. सकाळ-संध्याकाळचा फवारा चालू आहे. फोडणीच्या वेळी ती आता ओट्यावर जात नाही, एवढेच.

जूनमध्ये वारा सुटला तसा झडपेचा आवाज सुरू झाला. रात्री टक्-टक्. आई म्हणाली, "कुणीतरी वर चढल्यावानी वाटतंय." मी शिडी लावून झडपेच्या कडेला रबराची पट्टी चिकटवली. आवाज कमी झाला. मोठ्या वाऱ्याला अजून होतो. शिडी आता स्वतःची घेतली आहे, जिन्याखाली ठेवली आहे. महिन्यातल्या एका शनिवारी वर चढून झडपेचा तेलकट थर गरम पाण्याने पुसायचा असतो. आई खाली उभी राहून शिडी धरते. धरू नकोस म्हटले तरी धरते.