नऊ मिनिटे एकवीस सेकंद

उज्जयिनीच्या मध्यरेषेचा अभिमान बाळगणाऱ्या माळव्यात माझे आयुष्य गेले. आपल्या प्राचीन ज्योतिर्विदांनी रेखांशाची गणना लंका-उज्जयिनी रेषेपासून केली, हे येथे शाळकरी पोरही सांगते. शून्य रेषा कोणाच्या अंगणातून जावी, हा वाद म्हणूनच मला परका वाटत नाही.

ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे पंचवीस राष्ट्रांचे प्रतिनिधी याच प्रश्नासाठी जमले. फ्रान्सतर्फे ज्योतिर्विद जान्सेन यांनी आग्रह धरला की, ही रेषा कोणत्याही एका राष्ट्राची नसावी. विचार उदात्त खरा; पण पारडे पॅरिसकडे झुकलेले असते तर तो कितपत सुचला असता, अशी शंका येते. कॅनडाच्या सँडफोर्ड फ्लेमिंग यांनी आकडेच पुढे केले : जगातील सुमारे ७२ टक्के जहाजी वाहतूक ग्रीनिचवर आधारलेले नकाशे वापरीत होती, पॅरिसवर अवघी ८ टक्के. ग्रीनिचला बावीस मते पडली. सान डोमिंगो विरुद्ध गेले. फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले.

यानंतरचे फ्रेंचांचे वर्तन मला फार मनोरम वाटते. सत्तावीस वर्षे त्यांनी पॅरिसचीच वेळ चालविली. अखेर १९११ मध्ये कायदा झाला, तोही असा की, फ्रान्सची वेळ म्हणजे पॅरिसची मध्यम वेळ, नऊ मिनिटे एकवीस सेकंद मागे घेतलेली. ही ग्रीनिचचीच वेळ. पण कायद्यात त्या गावाचे नाव नाही! सासूचे नाव टाळावे तसे ते टाळले गेले. हा कायदा १९७८ पर्यंत टिकला.

हसण्यापूर्वी आपण मुंबई आठवावी. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली ‘मुंबई टाइम’ त्या शहराने १९५५ पर्यंत सोडली नाही.

पुढे अणुघड्याळे आली आणि ग्रीनिचच्या जागी नवी जागतिक वेळ आली. तिच्या आद्याक्षरांवरूनही ओढाताण झालीच. इंग्रजी शब्दक्रमाने ‘सीयूटी’ होई, फ्रेंच क्रमाने ‘टीयूसी’. ठरले ‘यूटीसी’, म्हणजे दोन्ही भाषांत चुकीचे. ‘यूटी-वन’सारख्या आधीच्या नावांशी ते जुळते, हे त्याचे शास्त्रीय समर्थन, पण कोणाचीच सरशी होऊ नये, हा व्यवहारही त्यात साधला.

आज ही वेळ जगभरच्या प्रयोगशाळांतील घड्याळांवरून ठरते, आणि तो हिशेब होतो पॅरिसलगतच्या सेव्ह्र येथे. शून्य रेषेचा मान ग्रीनिचकडेच आहे. तेथील पट्टीच्या दोहों बाजूंना पाय ठेवून प्रवासी हौसेने छायाचित्रे काढतात. उपग्रहांनी मानलेली शून्य रेषा मात्र तेथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला, बागेतून जाते. तेथे कोणी थांबत नाही.