हौस कोणाची, गाडी कोणाची?

जुनी गाडी घ्यायची म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती चालली आहे?’ सोयरिकीत मुलाचा पगार विचारावा तितक्याच सहजपणे तो विचारला जातो. कमी चाललेली ती चांगली, जास्त चाललेली ती थकलेली, असा हा सरळ हिशेब. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात महिनाभर एका गाडीची चर्चा चालली आणि या हिशेबात बरेच काही सुटून जाते हे ध्यानात आले. मी कॉलेजात इतिहास शिकवते. गाडीतले मला स्टिअरिंग आणि हॉर्न एवढेच कळते. पण ती चर्चा नुसत्या गाडीची नव्हती, म्हणून हे लिहिते आहे.

माझा भाचा हैदराबादला गच्चीबावलीत एका कंपनीत संगणकाचे काम करतो. दहा वर्षे नोकरी झाली. गावाकडच्या घराचे कर्ज फेडले, बहिणीचे लग्न लावून दिले, आणि मग एके दिवशी त्याने फोनवर जाहीर केले, “आत्या, आता एक गाडी माझ्या हौसेची घेणार.” रोज ऑफिसला जायला मेट्रो आणि स्कूटर आहेच. ही गाडी फक्त चालवण्याच्या आनंदासाठी. नवी स्पोर्ट्स कार परवडण्यासारखी नव्हती, तेव्हा जुनीच पाहायची होती.

पाहता पाहता दोन गाड्यांवर येऊन तो अडला. एक सिकंदराबादच्या एका निवृत्त गृहस्थांची 1994 सालची कॉन्टेसा क्लासिक, मीटरवर 61,000 किलोमीटर. दुसरी जुबिली हिल्सच्या एका विक्रेत्याकडची 2012 सालची ऑडी टीटी, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी, आणि मीटरवर 1,38,000 किलोमीटर. किमतीत कॉन्टेसा टीटीच्या निम्म्याच्या आसपास होती.

कॉन्टेसाचे नाव निघाल्यावर माझ्या दादाच्या, म्हणजे भाच्याच्या वडिलांच्या, चेहऱ्यावर जे आले ते सांगायला हवे. हिंदुस्तान मोटर्सने 1984 साली ही गाडी बाजारात आणली तेव्हा दादा नुकताच बीदरच्या बस डेपोत मेकॅनिक म्हणून लागला होता. इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या बंद झालेल्या मॉडेलवर बेतलेली ती लांबलचक गाडी. सुरुवातीला तिला ॲम्बॅसडरचेच दीड लिटरचे इंजिन होते, म्हणजे पैलवानाच्या अंगात शाळकरी पोराचे फुफ्फुस. पुढे इसुझू या जपानी कंपनीचे 1.8 लिटरचे इंजिन आणि पाच गिअर आले आणि गाडीला खरा दम आला. कुणी मंत्री बीदरला आला की दादा डेपोतून बाहेर येऊन ती गाडी पाहत उभा राहायचा. 2002 च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. दादाने आयुष्यभर लोकांच्या बसगाड्या दुरुस्त केल्या, स्वतःची म्हणून चारचाकी कधी घेतली नाही.

भाच्याचे मन टीटीवर होते हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. फोटो दाखवताना बोट तिथेच घुटमळायचे. पण तोंडाने म्हणायचा कॉन्टेसा. “अप्पांची इच्छा राहून गेली ना, आत्या.” वहिनी हुमनाबादकडची, कन्नड घरातली. तिला दोन्ही गाड्या नको होत्या. “हासिगे इद्दष्टु कालु चाचु,” एवढेच म्हणून ती भाकरी थापायला लागली. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आमच्या घरात दोन्ही भाषांत ऐकून घ्यावे लागते, त्यामुळे सबब सांगायला जागा उरत नाही.

शेवटी आम्ही सगळेच हैदराबादला गेलो. बीदरहून ते काही परके गाव नाही. 1956 पर्यंत आपले बीदर, गुलबर्गा, रायचूर आणि तिकडचे मराठवाड्याचे जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. काचीगुड्यात, सुलतान बाजारात मराठी घरे पिढ्यानपिढ्या आहेत. गाड्या दुसऱ्या दिवशी पाहायच्या होत्या, म्हणून हाताशी असलेल्या दुपारी मी सगळ्यांना चौमहल्ला पॅलेसला नेले. तिथे निजामाची 1912 सालची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट ठेवली आहे. मागे बसायला चक्क सिंहासनासारखी जागा. ही गाडी मागवली सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान यांनी. गाडी येण्याआधीच, 1911 च्या ऑगस्टमध्ये, ते वारले. ती आली ती मुलाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या दारात. हा मुलगा जगातल्या श्रीमंतांत गणला गेला, पण राहणी काटकसरीची म्हणून प्रसिद्ध. त्याने ती समारंभापुरती बाहेर काढली. शंभराहून जास्त वर्षांत ती जेमतेम काहीशे मैल चालली आहे.

वर्गात ही हकिगत सांगते तेव्हा मुले हसतात. त्या दिवशी दादा हसला नाही. काचेपलीकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “बापाच्या हौसेची गाडी पोरानं कशाला चालवावी?” भाचा काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिकंदराबाद. कॉन्टेसा दिसायला देखणी, गडद निळी, क्रोम लखलखणारे. दादाने आधी बॉनेटवर तळहात ठेवला. इंजिन गार आहे ना, हे पाहायला. विकणारा माणूस गिऱ्हाईक येण्याआधी गाडी तापवून ठेवतो तेव्हा सकाळच्या पहिल्या स्टार्टची कुरकूर लपलेली असते. इथे तसे काही नव्हते. गृहस्थ सज्जन होते. मग दादाने खिशातून लोहचुंबक काढून दरवाजांच्या खालच्या कडेने आणि मागच्या चाकांच्या कमानीवरून फिरवला. चार ठिकाणी तो धरेना. म्हणजे पत्रा गंजून गेलेला आणि वर लांबी भरून रंग दिलेला. टायरवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन कितवा आठवडा ते सांगतात, पुढचे दोन साल. नक्षी शाबूत असली तरी टायर बारा वर्षांचे निघाले. रबरी पाइपांना चिरा होत्या. कमी चालली होती, हे खरे होते. पण गाडी उभी राहूनही म्हातारी होते. रबर वाळते, ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढून घेते, टाकीत पेट्रोल शिळे होते. त्यात 2025 पर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर पोचले. कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या रबराला ते मानवत नाही. सगळे पाइप बदलणे आले.

जुबिली हिल्सची गाडी दादाने अगदी परक्या नजरेने पाहिली. बॉनेटखाली नुसती प्लॅस्टिकची झाकणे. पण विक्रेत्याने एक जाडजूड फाइल पुढे ठेवली आणि दादा खुर्ची ओढून बसला. पहिल्या सर्व्हिसपासूनची बिले, तारखेसह, किलोमीटरसह. मीटर मागे फिरवलेले असते तर हे आकडे चढत्या क्रमाने जुळले नसते. अशा दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचे तेल साधारण 60,000 किलोमीटरला बदलायचे असते, तेही दोनदा बदललेले. पुढचे सस्पेन्शन नुकतेच नवे घातलेले. सायलेन्सरमधून निळा धूर नाही, म्हणजे इंजिन ऑइल जाळत नव्हते. बाहेरच्या मेकॅनिककडून संगणक लावूनही तपासून घेतली. दादा म्हणाला, “आमच्या डेपोतली बस दहा लाख किलोमीटर जायची. गाडी चालल्यानं मरत नाही रे, न बघितल्यानं मरते.”

हिशेबाच्या बाजूने मात्र दोन्ही पारडी जवळजवळ आली. कॉन्टेसाची किंमत कमी, पण पत्र्याचे काम, रंग, पाइप, टायर धरले तर फरक बराच भरून निघत होता. वर तिचे सुटे भाग ओळखीपाळखीने शोधावे लागणार. टीटीचे भाग मिळतात, पण एकेका बिलाला दादाच्या महिन्याच्या पेन्शनएवढे पैसे. शिवाय 15 वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून नवी करावी लागते. कॉन्टेसाला ते लागूच होते, टीटीलाही 2027 मध्ये लागू होणार. 2021 च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद होते, पण त्याला गाडी 50 वर्षांची लागते आणि ती रोजच्या वापराला काढता येत नाही. सगळ्यात पहिली कॉन्टेसासुद्धा 2034 च्या आधी त्यात बसणार नाही.

निर्णय झाला तो संध्याकाळी, भाच्याच्या खोलीवर. तो पुन्हा म्हणाला, “अप्पा, कॉन्टेसाच घेऊ. दुरुस्त करू. तुमच्यासाठी.” दादाने चहाची बशी खाली ठेवली. “मला ती हवी होती तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. आज मला गुडघे हवेत. माझी हौस तू विकत आणलीस तर ती दारात उभी राहील, आणि तू दर रविवारी तिला पुसत बसशील, जड मनाने. तुला चालवायची गाडी घे. पैसे तुझे, रस्ता तुझा.” वहिनी नेहमी मधे बोलते, त्या दिवशी तिनेही काही म्हटले नाही.

टीटी घेतली. दादा एकदाच तिच्यात बसला, आउटर रिंग रोडवर. बसताना ठीक होते, उतरताना दोघांनी हात दिला. “विहिरीतून वर आल्यासारखं वाटतंय,” म्हणाला. पण त्या फाइलमध्ये पुढची बिले आता तोच लावतो. भाचा दर वेळी फोटो पाठवतो, दादा वहीत किलोमीटर लिहून ठेवतो. आधी या दोघांचे फोनवर बोलणे ‘जेवलास का’ आणि ‘हो’ एवढेच असे.

आपल्या भागातून बरेच जण हैदराबादहून जुनी गाडी आणतात, म्हणून व्यवहाराच्या दोन गोष्टी. तेलंगणाची गाडी कर्नाटकात कायमची आणणार असाल तर तिथल्या आरटीओची एनओसी आधी घ्या. बारा महिन्यांच्या आत इकडे नोंदणी आणि गाडीच्या वयानुसार आजीवन कर भरावा लागतो. तो कर किमतीत धरूनच सौदा करा. थकलेली चलने आणि बँकेचा बोजा सरकारी ॲपवर पाहता येतो. बघायला सकाळी जा, लोहचुंबक न्या, आणि रनिंगचा आकडा पाहण्याआधी बिलांची फाइल मागा.

हे सगळे मेकॅनिक सांगेल. तो सांगू शकणार नाही ते एकच : ही हौस नेमकी कोणाची आहे. ते घरीच, निघण्यापूर्वी, एकमेकांना विचारून घ्यावे. आईवडिलांच्या राहून गेलेल्या इच्छा मुले मोठ्या प्रेमाने उचलतात. त्या परत खाली ठेवायला सांगणे हे मात्र आईवडिलांनाच करावे लागते.