पावणेपाच लिटरचं काय करायचं?

आज जरा आमच्या धंद्यातलं. मजकुरातून आकडे वेगळे काढायचे म्हटलं की रेग्युलर एक्स्प्रेशन आलंच. बॅकस्लॅश, डी, आणि पुढे अधिकचं चिन्ह, म्हणजे एक किंवा जास्त अंक. एवढा मंत्र टाकला की काम झालं असं बहुतेकांना वाटतं.

मध्यंतरी एका दूध संस्थेच्या नोंदी आमच्याकडे आल्या. रोजचे लिटर, त्यावरून शेतकऱ्याचं बिल. आधीच्या कुणीतरी जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्राम लिहून ठेवलेला. एका गावाची बेरीज शून्य! एरर नाही, वॉर्निंग नाही. फाइल उघडली तर तिथल्या माणसाने सरळ मराठीत "४२ लिटर" टाइप केलेलं. जावास्क्रिप्टचा हा डी फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखतो. जावास्क्रिप्ट १९९५ ची, युनिकोड १९९१ चं, त्यामुळे सबबही नाही.

पायथन ३ मध्ये उलटं. तिथे साध्या स्ट्रिंगवर हाच डी देवनागरी अंक पकडतो, आणि त्यांचा इंटिजरही नीट होतो. पण मग बंगाली, अरबी सगळेच आत येतात. बंगाली चार इंग्रजी आठासारखा दिसतो, म्हणजे डोळ्यांनी तपासणाराही फसणार. मी शेवटी देवनागरी अंकाच्या कोडमधून २४०६ वजा करून आधी सगळं एकाच लिपीत आणलं.

तरी संपलं नाही. "१,२५,०००" चे तीन आकडे होतात. स्वल्पविराम चालवून घेणारे तयार नमुने बहुधा तीन-तीन अंकांचे गट धरतात, त्यांना आपला लाख कळत नाही. ऋण आकडे हवेत म्हणून आडवी रेघ धरली, तर "१२-१५" मधले पंधरा उणे होतात.

आणि खरी गंमत शब्दांची. दीड, अडीच, साडेचार! "पावणेपाच" मध्ये "पाच" शोधलं तर पाव लिटर फुकट वाढलं. इथे रेग्युलर एक्स्प्रेशनने हात टेकावेत हेच बरं.

चुकीचा आकडा निदान दिसतो तरी, न सापडलेला गुपचूप शून्य होतो आणि कुणाचे तरी पैसे जातात. म्हणून ज्या ओळीत "लिटर" आहे पण आकडा नाही, ती आता वेगळ्या फाइलमध्ये जाते, माणसाने वाचायला. पहिल्याच दिवशी तिथे सापडलं: "साडेचार लिटर, म्हैस आटत आलीय." :)