पंजाएवढी जागा

माणसं, डिकीतल्या पिशव्या, टाकीतलं पेट्रोल असं सगळं धरलं तर आमची स्विफ्ट साधारण 1200 किलोंची होते. म्हणजे एका चाकावर 300 किलो. टायरमध्ये हवा 30 पाउंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.1 किलो. भागाकार सोपा आहे. एक टायर रस्त्याला टेकतो तो 140 चौरस सेंटिमीटरच्या आसपास, मोठ्या माणसाच्या पंजाएवढा. पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरून बहिणीकडे चिपळूणला जाताना मागच्या सीटवर आई असते, लेक असते. त्यांना रस्त्याशी धरून ठेवणारे हे चार पंजे. ब्रेक फक्त चाक थांबवतो, गाडी थांबवायची ती त्या पंजांनीच.

आमच्या घरात चाकाचा विचार माझ्या आधीपासून चालत आलेला आहे. कराडजवळच्या आमच्या गावी आजोबांची लाकडी चाकांची बैलगाडी होती. मधे तुंबा, त्यात बसवलेले आरे आणि सगळ्याभोवती लोखंडी धाव. उन्हाळ्यात लाकूड आटलं की धाव सैल व्हायची. मग लोहार ती शेणकुटांच्या आरात लालबुंद तापवायचा, दोघंतिघं मिळून ती चाकावर बसवायचे आणि लगेच वरून पाणी ओतायचे. धाव आवळली की आऱ्यांचे सांधे करकचून बसायचे. आजोबा त्या दिवशी दुसरं कुठलंच काम काढायचे नाहीत. स्वतः उभे राहून चाक फिरवून बघायचे.

पुढे कारखान्याला ऊस घालायचा म्हणून रबरी टायरची गाडी आली. गावात तिला सगळे डनलपच म्हणत. जॉन बॉइड डनलप हा बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर. मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर हादरते म्हणून त्यानं तिच्या चाकांना हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि 1888 साली पेटंट घेतलं. बापानं पोरासाठी केलेली ही सोय. जनावरांच्या डॉक्टरचं नाव आमच्याकडे बैलांच्या गाडीला लागलं हे मला फार योग्य वाटतं, कारण खरा आराम मिळाला तो बैलांना. लोखंडी धाव मऊ रानात रुतते. टायर रुंद टेकतो, भार पसरतो, ओढ हलकी होते. माणसांनी मग त्या गाडीवर ऊसच जास्त लादला, हेही मी पाहिलं आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आम्हा पोरांच्या वाट्याला आला तो सायकलचा जुना टायर. हातात काठी, अंगात वारं आणि पांदीतून पळणं. टायर नांगी टाकायला लागला की काठीचा हलका फटका द्यायचा, एवढंच कौशल्य.

टायरकडे नीट बघायला शिकवलं आण्णांनी, माझ्या वडिलांनी. ते एसटीच्या आगारात टायरच्या कामावर होते. दुपारचा डबा घेऊन मी जायचो तेव्हा ते बहुधा खाली वाकलेले असायचे. जोडचाकांच्या मधे अडकलेला दगड हुकानं काढायचे, टायरवर ठोका मारून आवाज ऐकायचे, नक्षीच्या खाचेत अंगठ्याचं नख घालून किती उरलंय ते सांगायचे. एसटीच्या टायरची नक्षी झिजली म्हणून टायर संपत नाही. सांगाडा शाबूत असेल तर त्यावर नवं रबर चढवतात. त्यासाठी महामंडळाचे स्वतःचे कारखाने आहेत. पण रबर चढवलेला टायर मागे. पुढच्या चाकांना कायम नवा. आण्णांच्या बोलण्यात हा नियम असा यायचा की जणू घरातलीच एखादी रीत. मागे एकेका बाजूला दोन-दोन चाकं असतात, एक फुटलं तरी दुसरं गाडी पेलतं. पुढे एकटंच चाक, आणि स्टिअरिंग त्याच्याच जिवावर. शाळेच्या पोरांनी खच्चून भरलेली गाडी फाटकातून बाहेर पडताना ते पुढच्या चाकांकडे बघत उभे असायचे. बसच्या पाटीकडे मी बघायचो, ते चाकांकडे.

यंदा पाऊस तोंडावर आला तेव्हा आमच्या गाडीचे टायर बदलायचे ठरलं. खरं तर नक्षी पूर्ण गेलेली नव्हती. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे 1.6 मिलिमीटर उरली, की टायर कायद्यानंच बाद. आमच्याकडे 3 मिलिमीटरच्या आसपास होती. पण कोरड्या रस्त्यावर जे चालतं ते पाण्यात चालत नाही. त्या खाचा पाणी बाजूला काढण्यासाठीच असतात. त्या उथळ झाल्या की वेगात असताना टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरतो आणि गाडी त्या थरावर उचलली जाते. मग स्टिअरिंग वळवा, ब्रेक दाबा, काही उपयोग नसतो. शिवाय टायरच्या कडेवर चार आकडे होते, 3518. म्हणजे 2018 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. खांद्याजवळ केसासारख्या भेगा पडायला लागल्या होत्या. रबर न झिजताही म्हातारं होतं. ऊन आणि हवा त्याला आतून कडक करत जातात.

दुकानदार माणूस भला. म्हणाला, "अजून वर्षभर आरामात जातील, साहेब." खरेदीला आलेल्या गिऱ्हाइकाला असं सांगणारा माणूस मला आवडला, पण मला पुढचं वर्ष नको होतं. मला हा जुलै हवा होता.

मग निवड. आमच्या गाडीच्या टायरवर 165/80 आर 14 असं लिहिलेलं असतं. रुंदी 165 मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या 80 टक्के, आणि रिम 14 इंची. त्याच रिमवर 185/70 बसतो, आणि बाहेरचा घेर जवळजवळ तेवढाच राहतो. गाडी अंगापिंडानं भरलेली दिसते, म्हणून पुष्कळ लोक तो घालतात. मी घेतला नाही. हलक्या गाडीखाली रुंद टायर घातला की तो पाण्यावर लवकर उचलला जातो. स्टिअरिंग जड होतं, पेट्रोलही थोडं जास्त लागतं. बनवणाऱ्यानं विचार करून दिलेलं माप मोडायला माझ्याकडे काही सबळ कारण नव्हतं.

खरा प्रश्न रबराच्या जातीचा. कडक रबर जास्त किलोमीटर चालतं, मऊ रबर ओल्या रस्त्याला जास्त धरतं. सिलिका मिसळून कंपन्या दोन्ही साधायचा प्रयत्न करतात आणि बऱ्याच अंशी साधतातही, तरी प्रत्येक टायरचा कल कुठल्या तरी एका बाजूला असतोच. आपल्याकडे टायर घेताना पहिला प्रश्न असतो, "किती चालेल?" पैसे मोजून आणलेल्या वस्तूबद्दल तो विचारणं रास्तच आहे. पण पावसाळ्यात घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या घरानं दुसरा प्रश्न आधी विचारावा असं माझं ठाम मत आहे. ओल्यात किती धरतो? मी कमी चालणारा, जास्त धरणारा टायर निवडला.

समृद्धी महामार्गावरून सारखं जाणं असतं तर कदाचित आणखी वेगळा विचार केला असता. 701 किलोमीटरचा सलग रस्ता, कारला 120 चा वेग, विदर्भातलं ऊन. तिथे टायरचा शत्रू पाणी नाही, उष्णता आहे. हवा कमी असेल तर टायरची कड दर फेऱ्याला जास्त दुमडते, दुमडण्यानं तापते, आणि तासन्‌तास तापलेला जुना टायर फुटतो. त्या रस्त्यावर निघण्याआधी थंड टायरची हवा मोजून घेण्यासारखं दुसरं शहाणपण नाही.

दुकानदारानं आणखी एक मार्ग सुचवला. आता दोनच घ्या, दोन पुढच्या वर्षी. नवे दोन मागे लावू. आण्णा तोवर बाकावर शांत बसले होते. "मागे?" ते उठूनच आले. उभा जन्म त्यांनी नवा टायर पुढे लावलेला. मी त्यांना सांगितलं की कारला मागे जोडचाकं नसतात. ओल्या वळणावर पुढचे टायर सुटले तर गाडी वळायला कुरकुरते, पण पाय पेडलवरून काढला की बहुधा पुन्हा पकड घेते. मागचे सुटले तर शेपूट फिरतं आणि गाडी गरकन आडवी होते. ती सावरणं आपल्यासारख्यांचं काम नाही. म्हणून चांगली जोडी मागे. आण्णांनी थोडा वेळ विचार केला, तळहात आडवा धरून गाडी वळवल्यासारखा फिरवला. "बरोबर आहे," म्हणाले. "पण मग पुढं काय घालून निघणार तू घाटात?"

चारही घेतले. नव्या टायरवर साच्यातून आलेला गुळगुळीत थर असतो, तो झिजेपर्यंत सुरुवातीचे शे-दोनशे किलोमीटर बेतानं चालवा, असं दुकानदारानं बजावलं. अलाइनमेंट झालं, बॅलन्सिंग झालं. मी पाकीट काढलं, तेवढ्यात आण्णा म्हणाले, "स्टेपनी काढ बघू."

स्टेपनी कोरी करकरीत. रस्त्याला कधी फारशी टेकलीच नव्हती. नक्षी जशीच्या तशी. आण्णांनी रुमालानं कडेवरची धूळ पुसली आणि आकडे मला वाचायला लावले. 3518. दुकानदार म्हणाला, हिला काय झालंय, ही तर नवीच आहे. आण्णा त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. स्टेपनी लागते तीच मुळात वाईट वेळेला, बहुधा अंधारात, बहुधा पावसात, एवढंच म्हणाले, आणि पाचव्या टायरचे पैसे त्यांनी आपल्या खिशातून काढून काउंटरवर ठेवले. मग त्याचंही बॅलन्सिंग करायला लावलं.