आमिष : एका शब्दाचा माग

बेळगावात राहणाऱ्या मराठी माणसाला दोन वर्तमानपत्रे वाचण्याची सवय आपोआप लागते. एक मराठी, एक कन्नड. दोन्हींत एकच बातमी दोन तऱ्हांनी आलेली असते. मात्र फसवणुकीच्या बातमीत एक शब्द दोन्हींकडे हटकून सारखा असतो. मराठीत 'नोकरीचे आमिष दाखवून फसवणूक' असे शीर्षक असते, आणि कन्नडमध्ये 'आमिष ओड्डि वंचने' असे. सीमेच्या प्रश्नावर या दोन भाषा बोलणाऱ्यांचे काहीही मतभेद असोत, माणसाला वाटेवरून ढळवणाऱ्या वस्तूचे नाव दोघांनीही एकच ठेवले आहे.

हा शब्द मुळात मांसाचा. संस्कृतात 'आमिष' म्हणजे मांस, भक्ष्य. ऋग्वेदात 'आमिस्' हे रूप कच्च्या मांसाच्या अर्थाने येते, आणि 'आम' म्हणजे कच्चे या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. आयुर्वेदात न पचलेल्या अन्नरसाला 'आम' म्हणतात, तोही याच घरचा. बंगालीत आजही 'आमिष' म्हणजे सरळ मांसमासळीचे जेवण, आणि 'निरामिष' म्हणजे शाकाहार. मराठीने मात्र या कुळाची वाटणी केली. 'सामिष' आणि 'निरामिष' ताटाकडे राहिले, आणि एकटा 'आमिष' फसवणुकीकडे गेला. 'सामिष भोजन' असे म्हणताना आपल्याला गळ आठवत नाही, आणि 'आमिष दाखवले' म्हणताना मांस आठवत नाही.

या दोन अर्थांना जोडणारा दुवा म्हणजे मासेमारी. गळाला मांसाचा तुकडा लावतात, म्हणून मांस हेच गळावरच्या खाद्याचे नाव झाले. लहानपणी आम्ही मार्कंडेय नदीवर गांडुळे लावून गळ टाकत असू. गांडूळ मिळाले नाही तर कणकेची गोळी. पदार्थ कोणताही असो, काम तेच. हे रूपक फार जुने आहे. पाली संयुत्तनिकायात बुद्धांनी लाभ, सत्कार आणि कीर्ती यांना आमिष लावलेल्या गळाची उपमा दिली आहे. मज्झिमनिकायातील धम्मदायाद सुत्तात तर त्यांनी भिक्खूंना, माझ्या धम्माचे वारस व्हा, आमिषाचे नव्हे, असे बजावले. तेथे 'आमिस' या शब्दात अन्नवस्त्रासारख्या सगळ्या ऐहिक वस्तू येतात.

'आमिष' आणि 'प्रलोभन' हे आपण समानार्थी मानतो, पण त्यांची दृष्टी वेगळी आहे. प्रलोभनात 'लुभ्' धातू आहे. त्याचा जुना अर्थ गोंधळणे, भरकटणे असा; पुढे तो हाव धरणे असा झाला. त्याच धातूपासून 'लुब्धक' म्हणजे शिकारी हा शब्द आला आहे. म्हणजे प्रलोभन माणसाच्या मनात काय घडते ते सांगते. आमिष मात्र मनाबाहेरची वस्तू आहे. कोणीतरी ती हेतुपुरस्सर लावलेली असते. लाचेहूनही ते वेगळे. लाच दिली जाते, आमिष नुसते दाखवले जाते. कन्नडमधला 'ओड्डु' हा धातू तर जाळे पसरण्यासाठीही वापरतात. त्या क्रियापदात पारध्याचा हात अधिक स्पष्ट दिसतो.

या शब्दाचा असा माग काढण्यास मला एका माणसाने भाग पाडले. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका गावात सभा होती. त्या वर्षी गावातल्या काही पालकांनी मुलांना मराठी शाळेतून काढून दुसऱ्या माध्यमात घातले होते. मी आवेशात म्हणालो, "हे लोक आमिषाला बळी पडले आहेत." टाळ्या झाल्या. सभा संपल्यावर एक शेतकरी जवळ आला. त्याच पालकांपैकी तो एक होता. शांतपणे म्हणाला, "सर, आम्ही बळी पडलो म्हणालासा. मग बळी पडलेल्यावर रागवायचं असतंय काय?"

मला उत्तर सुचले नाही. त्याने पुढे जे सांगितले ते मला माहीत नव्हते असे नाही. शाळेत चार वर्गांना एकच शिक्षक उरला होता. दुसऱ्या शाळेची गाडी दारात येत होती. पुढे सरकारी नोकरीच्या वेळी कन्नड लागणारच होते. तो म्हणाला, "मराठी घरात हाय, सर. पोराचं पोट घरात नाही."

त्या रात्री मी 'आमिषाला बळी पडणे' हा वाक्प्रचार पुन्हापुन्हा मनात घोळवला. 'आमिष' आणि 'बळी' हे दोन्ही शब्द कापल्या जाणाऱ्या देहाचे. वाक्प्रचार म्हणतो की हा माणूस मारला गेला. आणि आपण तो उच्चारतो मात्र आरोपाच्या सुरात. त्या वाक्यात मासा आहे, गळावरचा तुकडा आहे, पण दोरी धरणारा कोठेच नाही. माशाची भूकही नाही. पोट भरलेला मासा गळाकडे सहसा फिरकत नाही, हे नदीकाठी वाढलेल्या मला सांगावे लागू नये. आमची शाळा शिक्षकांवाचून ओस पडत असताना आम्ही ठराव करण्यात गुंतलो होतो. ती भूक वाढू देण्यात आमचाही हात होता.

मी तो शब्द टाकून दिलेला नाही. नोकरीच्या, निवडणुकीच्या, नुकसानभरपाईच्या नावाने गळ टाकणारे या सीमाभागात कमी नाहीत, आणि त्यांना दुसरा शब्द शोभणार नाही. मात्र आता मी तो कर्त्यासह वापरतो : अमक्याने आमिष दाखवले. 'बळी पडले' असे म्हणण्याची वेळ आलीच, तर त्या माणसाच्या दारापर्यंत जाऊन त्याला काय कमी पडले ते आधी विचारतो. त्या शेतकऱ्याचा मुलगा आता आमच्या रविवारच्या मराठी वर्गाला येतो. त्याला जोडाक्षरे अजून अडतात. 'आमिष'मधला पोटफोड्या 'ष' मी त्याला गेल्याच महिन्यात गिरवून दिला.